वक्फची नोंद आणि मुदतीचा प्रश्न



आम्ही आज वक्फ मालमत्तांच्या संगणकीय नोंदणीवर बोलणार म्हटल्यावर, "मुसलमानांच्या संस्थांशी आपला काय संबंध?" असा प्रश्न आला. विचारणाऱ्या बंधूंनी क्षणभर आपल्या आजोबांच्या वतनी जमिनीची आठवण करावी. त्या आठवणीकडे आम्ही पुढे येऊच.

वक्फ म्हणजे धर्मकार्यासाठी वा लोकहितासाठी कायमची अर्पण केलेली मालमत्ता. मशीद, दर्गा, कबरस्तान तर त्यात येतेच, पण ज्यांच्या भाड्यावर अनाथांचे, विद्यार्थ्यांचे पोषण व्हावे अशी दुकाने आणि शेतेही येतात. मुतवल्ली हा तिचा मालक नव्हे, केवळ सांभाळणारा. २००६ साली सच्चर समितीने दाखविले की, सुमारे ४ लाख ९० हजार नोंदणीकृत वक्फ मालमत्तांची बाजारभावाने किंमत १ लाख २० हजार कोटी रुपये असताना त्यांचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटींच्या आसपास होते. या दोन आकड्यांमधील दरीत कोण गडप झाले? गरीब विधवा, शिकू पाहणारे पोर. जमिनी अडविणाऱ्यांत सरकारी खातीही होती, हे त्याच अहवालाने नोंदविले.

म्हणून नोंद हवीच. येथे इंग्लंडात धर्मादाय संस्थेचे विश्वस्त कोण, जमा किती, खर्च किती, हे चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कुणीही घरबसल्या पाहू शकतो. त्याने कुणाचा धर्म बुडाला नाही. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २६ नेही हा भेद सूक्ष्मपणे केला आहे: धर्माच्या बाबींचा कारभार संप्रदायाने स्वतः पाहावा, मालमत्तेचा कारभार मात्र कायद्यानुसार करावा. हिशेब मागणे म्हणजे धर्मात हात घालणे नव्हे.

पण नोंद कशी मागितली गेली, तेही पाहिले पाहिजे. २०२५ चा दुरुस्ती कायदा ८ एप्रिलला अंमलात आला. ६ जूनला 'उम्मीद' हे केंद्रीय पोर्टल सुरू झाले आणि आधीच नोंदलेल्या वक्फांचा सारा तपशील त्यावर चढविण्यास सहा महिने मिळाले. मुतवल्लीने माहिती भरायची, दुसऱ्याने तपासायची, तिसऱ्याने मंजूर करायची. मराठवाड्याचेच घ्या. तेथील कित्येक इनामांचा आधार निजामाच्या काळातले मुंतखब. ते उर्दू-फारसी कागद वाचणारा माणूस शोधायचा, मोजणी जुळवायची, मग संगणकासमोर बसायचे. खेड्यातील एखाद्या कबरस्तानाचा वयोवृद्ध मुतवल्ली हे सहा महिन्यांत कसे करणार? १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि ज्याला अडचण असेल त्याने न्यायाधिकरणाकडे जावे, असे सांगितले. ६ डिसेंबरला मुदत संपली तेव्हा सुमारे ५ लाख १७ हजार मालमत्तांची माहिती भरण्यास सुरुवात झाली होती. मंजुरी मिळाली होती सुमारे २ लाख १७ हजारांना. केंद्राच्या जुन्या यादीत तर ८ लाख ७२ हजार मालमत्ता होत्या. जुन्या यादीत दुबार नोंदी असतील, हे आम्ही मान्य करतो. तरीही अंतर मोठे आहे.

आता वतनाची गोष्ट. महार वतनाची गुलामी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. हेतू मुक्तीचा होता. परंतु जमीन पुन्हा आपल्या नावे करून घ्यायची तर ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत भरायची होती. आमच्या वाडवडिलांपैकी कितीकांना ती मुदत कळलीच नाही. कळली त्यांच्या हाती पैसा नव्हता. पुढे सातबाऱ्यावर दुसरीच नावे दिसू लागली. कायदा चांगला होता, हे आम्ही आजही म्हणतो. जमीन मात्र गेली ती गेलीच.

तेव्हा जो वक्फ पोर्टलवर चढला नाही, त्याच्या मुतवल्लीला कुणी लबाड म्हणाले, तर आपण आधी विचारावे: त्याच्याकडे कागद होता का, तो वाचून देणारा कुणी होता का, आणि न्यायाधिकरणापर्यंत जायला गाडीभाडे होते का?