सभागृहाचे कलादालन होताना
(चारकोप येथे दिलेल्या भाषणावरून)



१९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या भूखंडांवर ही वसाहत वसली. जुने सभागृह येथे कोठून असणार? म्हणून उदाहरण फोर्टमधील घेतो.

जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेले सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ चे. तेथे मैफली रंगल्या, कामगारांच्या सभा झाल्या, लग्नेही लागली. पुढे नवी सभागृहे झाली आणि याची रया गेली. ही वास्तू कलेसाठी मिळावी म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला, केकू गांधी प्रभृतींनी पाठपुरावा केला. १९९६ साली तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. ते पाहावयास पोचखानवाला हयात नव्हत्या. १९८६ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

बाहेरील दगडी रूप राखून आतील पोकळीत अनेक पातळ्यांची दालने रचण्यात आली. वास्तू वाचली, मात्र माणसे ज्या मोकळ्या जागेत एकत्र बसत, ती जागा उरली नाही. ही किंमत मला लहान वाटत नाही.

उद्या एखाद्या समाजमंदिराचे कलाकेंद्र करण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे आला, तर चित्रांच्या भिंती मोजण्याआधी संध्याकाळी तेथे भजनाला बसणारी मंडळी नकाशात कोठे बसविली आहेत, ते जरूर पाहावे.