चढाईआधीची नोंदवही



रत्नागिरीतल्या विधी महाविद्यालयात क्रीडा पारितोषिकं द्यायला बोलावलंत. आपण कोकणातली माणसं, तेव्हा कबड्डीवरच बोलतो. चढाई-पकडीवर मात्र नाही. संघटनेवर.

2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या अध्यक्षपदाची निवड बेकायदा ठरवली. महासंघानं दिलेलं तहहयात अध्यक्षपदही रद्द झालं. कारभार प्रशासकाकडे आला आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. गर्ग यांनी तो काही वर्षं सांभाळला. त्याच 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबई क्रिकेट असोसिएशनची जबाबदारी न्या. हेमंत गोखले आणि न्या. व्ही. एम. कानडे या निवृत्त न्यायमूर्तींवर सोपवली होती. दोन्ही बाजू ऐकायच्या, कारणं लिहून निर्णय द्यायचा, ही न्यायाधीशाची सवय खेळाच्या संघटनेला फार उपयोगी पडते.

पण कबड्डीचं पुढे काय झालं, ते नीट ऐका. महासंघाचा कारभार निवडून आलेल्या मंडळाच्या हाती नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघानं संलग्नताच स्थगित केली. इराणमधली आशियाई कबड्डी अजिंक्यपद स्पर्धा तोंडावर आलेली, आणि मैदानात घाम गाळायचा त्या दिवसांत दोन खेळाडूंना वकीलपत्रावर सह्या करून सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं! फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयानं कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे सोपवायला सांगितलं. मार्चमध्ये आपल्या महिला संघानं तेहरानला अंतिम सामन्यात इराणला 32-25 असं हरवलं. त्या विजयाचा मला अभिमान आहे, आणि त्याआधीच्या फरफटीचा तितकाच संताप.

कितीही निःस्पृह न्यायमूर्ती आले, तरी प्रामाणिक चिटणिसाची जागा त्यांना भरता येत नाही. ती जागा तुमची आहे. कायदा शिकताय, तर आपल्या गावच्या, तालुक्याच्या संघाची घटना मागून घ्या, वाचा. मतदार यादी बघा. निवडणूक होते, हारतुरे होतात, पण पदाधिकारी बदलल्याचा जो चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्त कार्यालयात 90 दिवसांत द्यायचा असतो, तो कुणी देतच नाही. नोंदीत जुनीच नावं राहतात आणि पुढच्या भांडणाची सुरुवात तिथेच होते. असे किती संघ या जिल्ह्यात असतील, तुम्हीच शोधा. सुट्टीत घरी जाल तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांना भेटा, दप्तर उघडायला सांगा आणि तो रिपोर्ट तुम्ही स्वतः लिहून द्या. फी घेऊ नका.