विदा म्हणजे निरोप नव्हे



'डेटा'ला आपण मराठीत 'विदा' म्हणतो. माझ्या एका उर्दूभाषक डॉक्टर मित्राला हा शब्द ऐकून हसू आलं होतं. त्याच्या भाषेत विदा म्हणजे निरोप. तेव्हा मी त्याच्याशी वाद घातला, पण आता वाटतं की त्याचा अर्थ आपल्या धंद्याला जास्त लागू पडतो. बोट टोचतो, रिपोर्ट देतो, रजिस्टरात ओळ लिहितो आणि रजिस्टर कपाटावर टाकून त्या ओळीला कायमचा निरोप देतो.

आज इथे बजाजनगरातले दवाखानेवाले, लॅबवाले आणि वाळूजच्या कारखान्यांतले डॉक्टर एकत्र बसलेत, म्हणून संशोधनातल्या खुल्या विद्याबद्दल बोलायचं ठरवलं. फरीदाबादच्या जैविक विदा केंद्राबद्दल, दहा हजार भारतीयांच्या जनुकीय नोंदींबद्दल तुम्ही पेपरात वाचलंच असेल. मला जवळचं सांगायचंय.

1963 साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली. तिचीच शाखा 1978 मध्ये आपल्या शहरात आली. पण खरी हिंमत बार्शीने केली. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाने 1987 पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या 346 गावांची नोंदणी हाती घेतली. खेड्यात रुग्ण दवाखान्यापर्यंत येतच नाही, मग नोंद कुठून होणार? तेव्हा कार्यकर्तेच गावोगाव फिरू लागले. अंगावरून जातंय का, तोंडात न भरणारी जखम आहे का, असं पारावर आणि ओसरीवर बसून विचारू लागले. विचारता विचारता बायका लवकर तपासायला येऊ लागल्या. मोजण्याचं काम करताना निम्मा उपचार झाला, असं मी म्हणतो. संख्याशास्त्रज्ञ मला माफ करोत.

याच पायावर 1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, मोठा अभ्यास उभा राहिला. 52 गट, तिशी ते साठीच्या आतल्या 1 लाख 31 हजारांवर बायका. काहींची एचपीव्ही चाचणी झाली, काहींची पॅप, काहींची नुसती व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, आणि एका भागात नेहमीचीच व्यवस्था ठेवली. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले: एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जागतिक आरोग्य संघटना आज हीच चाचणी आधी करा म्हणते, त्यामागे आपल्या मराठवाड्यातल्या या बायकाही आहेत. आपल्याकडे मात्र 2016 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत व्हिनेगरचीच पद्धत धरली गेली. स्वस्त आहे, नर्सबाई करू शकतात, कारणं समजतात. तरी परांड्याच्या एखाद्या आजीने विचारलं की माझ्या तपासणीतून जगाला कळलं ते माझ्या सुनेला कधी मिळणार, तर माझ्याकडे उत्तर नाही.

तपासणी न झालेल्या गटात तीस हजारांवर बायका होत्या. त्यावरून पुढे नैतिकतेचा वाद पेटला, आणि तो पेटायलाच हवा होता. पण तो पेटू शकला तो आकडे छापलेले होते म्हणून. कपाटात असते तर कुणी कुणाला जाब विचारला असता? विदा खुला केला की आपण उघडे पडतो. मला वाटतं, आपल्याला खरी भीती याचीच आहे. 'रुग्णाची गोपनीयता' हे पुष्कळदा तिला पांघरलेलं धुतलेलं उपरणं असतं. एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांना कोविड चाचण्यांचे तपशील संशोधनासाठी खुले करा म्हणून थेट पंतप्रधानांकडे अर्ज करावा लागला. जळत्या घरात पाण्याच्या टाकीची किल्ली मागण्यासारखं होतं ते.

गोपनीयतेची भीती खोटी आहे, असं मात्र कुणी समजू नये. इथे तर मुळीच नाही. बजाजनगरात बीडचा, जालन्याचा, बिहारचा पोरगा खोली भाड्याने घेऊन राहतो. नाव पुसलं तरी वय, गाव, कंपनी आणि शिफ्ट एवढं लिहिलं की सुपरवायझर त्याला ओळखतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे: कंत्राट संपतं. शिवाय कर्करोग नोंदणीत हद्दीत निदान वर्षभर राहिलेलाच रहिवासी धरतात. हा पोरगा आजारी पडला की गाडी पकडून गावी जातो. ना इथला, ना तिथला.

म्हणून मी कर्करोगापासून सुरुवात करा म्हणत नाही. कानापासून करा. प्रेसशॉपच्या गोंगाटाने जाणारं ऐकू येणं आधी 4000 हर्ट्झला जातं, आलेखात तिथे खाच पडते. एकेकट्या माणसाचा आलेख पाहिला तर आपण 'वय झालं', 'डीजेपुढे नाचतो' असं म्हणून मोकळे होतो. एकाच प्रकारच्या मशिनवरच्या चाळीस जणांचे आलेख शेजारी ठेवले आणि खाच सगळ्यांना निघाली, तर दोष मशिनकडे जातो. 1948 च्या कारखाना कायद्याने या बहिरेपणाला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत घातलं. तरी आलेख ज्याच्या त्याच्या फायलीत पडून राहतात, चाळीस कधी एकत्र येत नाहीत.

मी एक कच्चा तक्ता करून आणलाय, पाच रकान्यांचा. वयोगट, कामाचा प्रकार, किती वर्षं काम, दोन्ही कानांचे आकडे. नाव नाही, गाव नाही, कंपनी नाही. प्रती बाहेर चहाच्या टेबलावर ठेवल्यात. वयोगट दहा वर्षांचा ठेवावा की पाच, यावर माझं आणि आमच्या तंत्रज्ञबाईंचं काल रात्रीपर्यंत जमलं नाही. पाचाने विश्लेषण चांगलं होतं, दहाने माणूस लपतो. चहा घेताना तक्त्यावर पेन्सिलीने तुमचं मत लिहा. दुपारच्या सत्रात आधी तेवढंच बोलू.