जुनी डिझेल गाडी घेण्याआधी



आठवडी बाजार, बँक, दवाखाना यांसाठी आम्ही गटातल्या बायका एक जुनी मोठी डिझेल गाडी बघतो आहोत. बोलेरो, सुमो अशा गाड्या जुन्या स्वस्त मिळतात, पण डिझेल रोज लागतं. पैसा बचतीचा आहे. म्हणून विकणाऱ्याने सांगितलेलं ॲव्हरेज धरायचं नाही, आपण मोजायचं, असं आम्ही ठरवलंय.

टाकी फुल करायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा. शंभरेक किलोमीटर फिरून त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. १०८ किलोमीटरला ९ लिटर लागलं, तर ॲव्हरेज १२. डिझेलचे पैसे आपणच द्यायचे, ते वाया जात नाहीत. महिन्याला ९०० किलोमीटर धरले, तर १२ च्या ॲव्हरेजला ७५ लिटर लागतं, ९ च्या ॲव्हरेजला १००. वर्षाला ३०० लिटरचा फरक!

गाडी सकाळी, इंजिन गार असताना चालू करून बघायची. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टरही चोंदलेला असू शकतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर ओळखीच्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का, तेही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून नूतनीकरण करावं लागतं. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत.

हिशेब वहीत लिहा, गटाच्या बैठकीत वाचा, मगच पैसे मोजा.