वसाहतीखालचे पाणी

एखादी औद्योगिक वसाहत वसवावयाची ठरली, म्हणजे प्रथम तिचा नकाशा तयार होतो. रस्ते कोठून न्यावयाचे, विजेचे उपकेंद्र कोठे बसवावयाचे, कोणता भूखंड केवढा, हे सारे त्यात रेखीवपणे दाखविलेले असते. कारखान्यांना लागणारे पाणी कोठून आणावयाचे, हेही असते. परंतु त्या भूखंडांच्या पोटाखाली जे पाणी आहे, ते किती खोल आहे, कोणत्या दिशेने वाहते आणि पुढे कोणकोणत्या गावांच्या विहिरींना जाऊन मिळते, याची एक रेघही पुष्कळदा त्या कागदावर नसते. महाराष्ट्रात १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि 'एमआयडीसी' हा शब्द खेडोपाडी वसाहतीच्याच अर्थाने रूढ झाला. कारखाने हवेत, हे शेतकऱ्याच्या मुलालाही मान्य आहे. प्रश्न आहे तो त्या राहून गेलेल्या रेघेचा.

कशात तरी काळेबेरे असल्याचा संशय आला, म्हणजे 'कोठे तरी पाणी मुरते आहे' असे आपण म्हणतो. मुरलेले पाणी दिसत नाही, पण ते नाहीसेही होत नाही. मातीतून, मुरुमातून, खडकाच्या भेगांतून ते आपली वाट काढीत असते. नदी बिघडली तर ती डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. आणि घाण सोडणे थांबले तर पुरांच्या लोंढ्यात ती बरीचशी धुऊनही निघते. भूजलाचे तसे नाही. कित्येक ठिकाणी ते वर्षाकाठी काही मीटरच पुढे सरकते. विषारी द्रव्ये मातीच्या कणांना चिकटून राहतात आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी सुटत राहतात. शिवाय भोवतालचे शेतकरी पंप लावून उपसा करतात, तेव्हा भूजल त्या विहिरींकडे ओढले जाते. ज्याचा उपसा मोठा, त्याच्या विहिरीत दोष आधी, असाही प्रकार घडतो. बिचाऱ्याला वाटते, आपल्याच विहिरीला काही झाले.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील कारखान्यांच्या एका संकुलात १९८८ साली 'एच आम्ल' नावाचे रसायन तयार होऊ लागले. कापडाच्या रंगांसाठी ते लागते आणि येथला माल परदेशी पाठवावयाचा होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती न घेताच उत्पादन सुरू झाले. १९८९च्या जानेवारीत ते बंद पडेपर्यंत सुमारे ३७५ टन माल निघाला. त्यापोटी निर्माण झालेले सांडपाणी होते ८,२५० घनमीटर, आणि लोहयुक्त व जिप्समयुक्त गाळ सुमारे २,४०० टन. म्हणजे एक टन माल बाहेर पडला, तेव्हा त्याच्या मागे सहा टनांहून अधिक गाळ उरला. माल आगबोटीने गेला. गाळ बिछडीत राहिला. काही खड्ड्यांत भरला गेला, बाकीचा आवारात आणि आसपास उघड्यावर पडला. पावसाने तो भिजला, निथळला आणि जमिनीत उतरला.

गावच्या विहिरींचे पाणी गडद आणि मळकट झाले. ते पिण्याच्या उपयोगाचे राहिले नाही, गुरांनाही देण्याजोगे राहिले नाही, पिकांनाही सोसेना. गावकरी इतके खवळले की जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदी पुकारावी लागली आणि कारखाना बंद झाला. कारखाना बंद झाल्याने पाणी सुधारले मात्र नाही. आपल्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तेथील माती व विहिरी तपासल्या. दोषी द्रव्य जमिनीत किती पसरले आहे, हे तिच्या अहवालांनी न्यायालयासमोर आले.

येथे कायद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखाली ठराविक प्रवाहाविना असलेले पाणी जमीनधन्याने उपसावे, असा हक्क मानला. १९७४च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने मात्र नदीनाल्यांबरोबर भूमिगत पाण्यालाही 'प्रवाह' या व्याख्येत घेतले. म्हणजे बिछडीच्या विहिरी नासल्या, तेव्हा त्यांना कायद्याचे छत्र नव्हते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल दिला: ज्याने दूषित केले त्याने भरावे, आणि भरावे म्हणजे केवळ पीडितांना नुकसानभरपाई नव्हे, तर बिघडलेली भूमी पूर्ववत करण्याचा खर्चही. भारतीय न्यायशास्त्रातील हा एक महत्त्वाचा निकाल होय. पण त्यानंतर काय झाले? कंपन्यांनी अर्जांमागून अर्ज केले. १८ जुलै २०११ रोजी न्यायालयास पुन्हा आदेश द्यावा लागला, की ३७ कोटी ३८ लक्ष ५० हजार रुपये, ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल दरशेकडा १२ प्रमाणे चक्रवाढ व्याजासह भरावेत. एका वर्षाच्या उत्पादनाचा हिशेब बावीस वर्षांनंतरही चालू होता. त्या काळात गावातील एक पिढी लहानाची मोठी झाली.

बिछडीचा कारखाना नियम मोडून चालला होता, असे कोणी म्हणेल. मग सांडपाणी शुद्ध करण्याची सोय जेथे आहे, अशी वसाहत घेऊ. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषधनिर्मितीचे अनेक कारखाने आहेत. तेथील नक्कावागू हा ओढा मांजरेला मिळतो; आणि मांजरा ही तर आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावलेली नदी. या वसाहतीत सामायिक शुद्धीकरण केंद्र होते. सुमारे नव्वद कारखान्यांचे सांडपाणी तेथे येई. स्वीडनमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील पाहणीत आसपासच्या गावांच्या विहिरींतही औषधांचे अंश सापडले. केंद्र काम करीतच नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. ज्या गोष्टी मोजावयास सांगितल्या होत्या, त्यांत औषधांचे अंश नव्हते. आणि जे मोजले जात नाही, ते अडविलेही जात नाही.

यावरून कामाचा क्रम उलटा करावा लागेल, असे मला वाटते. वसाहतीतील पहिला भूखंड देण्यापूर्वीच भोवतालच्या विहिरींचे पाणी तपासून नोंदवून ठेवावे, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पावसाळ्यानंतर. हे झाले नाही, म्हणजे पुढे 'तुमचे पाणी आधीपासूनच खारट होते, त्यात खतांचे नायट्रेट होते' हे उत्तर तयार असते, आणि शेतकऱ्याजवळ पुरावा नसतो. त्यानंतर हद्दीवर निरीक्षणासाठी विहिरी खणाव्यात: एक पाणी येते त्या बाजूस, तीनचार जाते त्या बाजूस. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यातला फरक हा वसाहतीचा स्वतःचा हिशेब. रसायनांच्या टाक्यांखाली पक्की, न झिरपणारी फरशी हवी. गाळावर छप्पर हवे. सांडपाण्याच्या नळ्या शक्यतो जमिनीवरून, डोळ्यांसमोरून न्याव्यात, कारण पुरलेली नळी गळते तेव्हा ती कोणालाच सांगत नाही. फाटकापाशी गुलाबांचे ताटवे फुलविण्याची कित्येक कारखान्यांस हौस असते. ती असावी, पण ताटव्यांवरून खालच्या पाण्याची परीक्षा होत नाही.

आणि तपासणीचे आकडे कोणत्या गावाला, कोणत्या भाषेत कळतात, हेही पाहिले पाहिजे. विहिरीचा क्रमांक, पाण्याची खोली, क्षार, आम्लता, जड धातू आणि त्या वसाहतीत जी रसायने होतात त्यांचे अंश, एवढे रकाने असलेली साधी नोंदवही पुरे आहे. ती ग्रामपंचायतीच्या कपाटात असावी; वसाहतीच्या कार्यालयात तिची दुसरी प्रत राहिली, तर हरकत नाही.