पदक आणि साधनशुचिता

(देवळाली प्रवरा येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उसाचा दर, पाटाचे पाणी, शेतमजुराची रोजी हे आमचे नेहमीचे विषय. ते बाजूला ठेवून खेळातील गैरवर्तनावर बोलण्याचे मी ठरवले, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या भागात गावोगावी यात्रेला कुस्त्यांचा हगामा भरतो, ज्या भागातील शेकडो मुले पहाटे उठून पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावतात, तेथे हा विषय परका नाही. खेळ हा आज ग्रामीण तरुणाच्या उपजीविकेचा प्रश्न झालेला आहे. आणि जेथे उपजीविकेचा प्रश्न येतो, तेथे न्याय-अन्यायाचा प्रश्न आपोआप येतो.

प्रारंभ जवळच्याच घटनेपासून करतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कमध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते. दृश्यफीत पाहून निर्णय तपासावा, ही त्यांची मागणी होती. वाद वाढला आणि राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीतही पंचांच्या निर्णयावरून वाद झाला व महेंद्र गायकवाड यांनी कुस्ती पुरी होण्याआधीच मैदान सोडले. दोघांवरही तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

निर्णय बरोबर होता की चूक, यावर पारावर अजूनही तावातावाने चर्चा होते. ती मी येथे करणार नाही. निर्णय शंभर टक्के चुकीचा होता असे गृहीत धरले, तरी पंचाच्या अंगावर पाय उगारण्याचा अधिकार पैलवानाला मिळत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. पंच हा मैदानातील कायदा आहे. कायदा चुकला तर तो बदलण्यासाठी झगडावे, दाद मागावी, सत्याग्रहही करावा; पण न्यायाधीशाला मारून न्याय मिळत नसतो. त्याचबरोबर, ज्या संघटनेकडे दाद मागण्याची तत्पर आणि विश्वासार्ह व्यवस्था नाही, तिलाही शिस्तीच्या गोष्टी सांगण्याचा निम्माच अधिकार उरतो, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

असे जगातही घडले आहे. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाचे तायक्वांदो खेळाडू आंखेल मातोस यांनी कांस्यपदकाच्या लढतीत पंचांच्या तोंडावर लाथ मारली. मातोस आणि त्यांचे प्रशिक्षक या दोघांनाही जन्मभराची बंदी झाली. त्यावर फिडेल कॅस्ट्रो यांनी लेख लिहून आपल्या खेळाडूची पाठराखण केली. क्यूबाच्या क्रांतीबद्दल आपल्यापैकी अनेकांना आदर आहे. परंतु आपला माणूस म्हणून त्याचे चुकीचे कृत्यही आपले मानायचे, ही वृत्ती समाजवादाची नव्हे. ती भावकीची आहे.

आता उत्तेजक द्रव्यांच्या प्रश्नाकडे वळतो. पंचाला मारलेली लाथ सर्वांना दिसते. द्रव्याची लबाडी कोणालाच दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक. महाराष्ट्राला या बाबतीत सर्वांत मोठा धक्का २०१६ साली बसला. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले आणि महाराष्ट्र पोलीस दलात अधिकारी असलेले नरसिंग यादव २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरले होते. सुशील कुमार यांनी निवड चाचणीची मागणी केली. ती दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली. त्यानंतर २५ जून आणि ५ जुलै २०१६ रोजी घेतलेल्या यादव यांच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे निषिद्ध स्टेरॉइड आढळले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी कपटाने द्रव्य मिसळले, असा त्यांचा बचाव होता. राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या समितीने १ ऑगस्टला तो मान्य केला. जागतिक संस्था ‘वाडा’ मात्र लवादाकडे गेली. लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, रिओतच क्रीडा लवादाने कपटाचा पुरावा नसल्याचे सांगून चार वर्षांची बंदी घातली.

त्या वेळी महाराष्ट्रात मोठा क्षोभ झाला. परंतु क्षोभाच्या भरात आपण नियमाचे मर्म समजून घेतले नाही. साध्या फौजदारी खटल्यात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. येथे उलट आहे. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूची. ते कसे आले हे दाखवण्याचे ओझेही त्याच्याच शिरावर. हा नियम कठोर आहे. पण तो नसता तर पकडला गेलेला प्रत्येक जण ‘कोणीतरी दुधात मिसळले’ एवढे म्हणून सुटला असता, आणि प्रामाणिकपणे हरलेल्याला कोणीच वाली उरला नसता. द्रव्य घेणारा नियम तर मोडतोच. शिवाय तो दुसऱ्याच्या घामाची चोरी करतो. ज्याच्याकडे महाग औषध घेण्याचा आणि ते लपवणाऱ्या जाणकाराला पोसण्याचा पैसा नाही, त्याचे पदक तो लुबाडतो. म्हणून या नियमाचे समर्थन समाजवाद्याने केलेच पाहिजे.

माझा आक्षेप निराळा आहे. हा नियम साखळीतील शेवटच्या माणसाला पकडतो आणि बहुधा तेथेच थांबतो. २०११ साली भारताच्या चारशे मीटर रिलेच्या चमूतील अनेक धावपटू मुली उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्या. त्यांतल्या काहींनी वर्षभरापूर्वीच राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत देशाला सुवर्णपदके मिळवून दिली होती. प्रशिक्षकाने दिलेल्या पूरक गोळ्यांतून द्रव्य शरीरात गेले, असे त्यांचे म्हणणे होते. परदेशी प्रशिक्षकाला पदावरून दूर करण्यात आले, प्रकरण तेवढ्यावर मिटले. मुलींवरील बंदी मात्र पुढे लवादाने एक वर्षावरून दोन वर्षांवर नेली. खेळाडूला द्रव्य देणारा, त्याचा व्यापार करणारा, ते लपवण्यास मदत करणारा, या सर्वांना शिक्षा देण्याची तरतूद जागतिक संहितेत आहे. पण गिरणीत अपघात झाला की ज्या कामगाराचा हात यंत्रात गेला त्याचाच निष्काळजीपणा ठरावा, आणि मालक व मुकादम नामानिराळे राहावेत, तसाच प्रकार येथे चालतो.

ही साखळी कोठपर्यंत पोहोचू शकते, हे पूर्व जर्मनीने दाखवले. समाजवादी म्हणवणाऱ्या त्या राज्याने १९७४ पासून गुप्त सरकारी योजना आखून आपल्या खेळाडूंना पुरुषी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या. त्यांत अठरा वर्षांखालील मुलीही होत्या, आणि या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत असे त्यांना सांगितले जाई. पदके मिळाली, मुलींची शरीरे मात्र जन्माची बिघडली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या देशाचे क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांना शरीरास इजा पोहोचवण्यात सहभागी असल्याबद्दल दोषी ठरवले, पण प्रत्यक्ष तुरुंगवास झाला नाही. दुसऱ्या बाजूला भांडवलशाही अमेरिकेत लान्स आर्मस्ट्राँग यांच्याकडून २०१२ साली सायकलशर्यतीची सात विजेतेपदे काढून घ्यावी लागली. एका ठिकाणी राज्यसंस्थेने माणसाचे शरीर वापरले, दुसऱ्या ठिकाणी बाजाराने. दोन्हीकडे माणूस हा कच्चा माल ठरला. पूर्व जर्मनीचा हा इतिहास आपण समाजवाद्यांनी झाकून ठेवता कामा नये. गांधीजींनी १९२२ साली चौरीचौऱ्यानंतर ऐन भरातली चळवळ थांबवली, ती साधन मलिन झाले म्हणून. साधनशुचितेचा तो आग्रह आपण राजकारणात मानतो, मग मैदानात का मानू नये?

आपल्या देशाची आजची स्थिती लाज वाटावी अशी आहे. ‘वाडा’च्या आकडेवारीनुसार २०२३ साली भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के दोषी निघाले. २०२४ साली ७,११३ नमुन्यांपैकी २६० दोषी निघाले, म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता तर ऑगस्ट २०१९ पासून २०२१ अखेरपर्यंत निलंबित होती. २०२२ साली संसदेने उत्तेजकविरोधी कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु कायदा रोगाची नाडी पाहतो. रोग कोठून येतो हे आपणच शोधले पाहिजे.

तो बेकारीतून येतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. हेतू चांगला आहे. पण दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर ज्याचे घर चालत नाही, त्या मुलाला पदक म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज, स्वतःचे घर. या राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली. जेथे कागद बनावट करता येतो, तेथे दंडही बनावट करण्याचा मोह होणारच. पूर्वी वस्ताद सांगत, दूध-बदामाचा खुराक आणि मेहनत यांना पर्याय नाही. आज व्यायामशाळेच्या कोपऱ्यात कोणीतरी सांगतो, चार महिन्यांत शरीर करून देतो. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी जे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन वापरतात, ते व्यायामशाळांतील तरुणांना चोरून विकणाऱ्यांना राज्यात पोलिसांनी पकडले आहे. अशा औषधांनी हृदयाची गती बिघडते. स्टेरॉइडने यकृत आणि जननशक्ती यांची हानी होते. या मुलांचे नमुने कोणी तपासत नाही. त्यांची नोंद ‘वाडा’च्या आकड्यांत नसते, दवाखान्यात असते.

या संदर्भात खाशाबा जाधवांची आठवण करणे मला आवश्यक वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाला १९५२ साली हेलसिंकीला पाठवण्यासाठी गावाने वर्गणी काढली; कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे जपानच्या मल्लाशी दीर्घ लढत दिल्यानंतर, नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती न देता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. त्यांच्या बाजूने तक्रार करायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. तेथे खाशाबांवर अन्याय झाला. पण त्यांनी पंचावर हात उचलला नाही. ते लढले, हरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. परतल्यावर कुस्त्यांची मैदाने गाजवून त्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज त्यांनी फेडले. ऑलिंपिकमधील दुसरे वैयक्तिक पदक महाराष्ट्राला मिळायला त्यानंतर बहात्तर वर्षे लागली; २०२४ साली स्वप्नील कुसाळे यांनी ते मिळवले.

खाशाबांच्या खिलाडूपणाचे आपण गोडवे गातो, ते योग्यच आहे. परंतु त्यात एक सोयीस्कर पळवाटही असते. खेळाडूने अन्याय सोसूनही सभ्य राहावे, अशी आपली अपेक्षा. अधिकारी मात्र गैरहजर राहिला तरी त्याला कोणी विचारत नाही. खिलाडूपणा हे केवळ हरणाऱ्याचे व्रत नव्हे. तो पंचाने, संघटनेने, प्रशिक्षकाने आणि सरकारनेही पाळायचा असतो. शिस्त वरून सुरू झाली तरच खाली टिकते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. खेळाडू दोषी ठरला की त्याचा प्रशिक्षक, चिकित्सक आणि संघटनेचा जबाबदार पदाधिकारी यांची चौकशी आपोआप सुरू व्हावी. निषिद्ध द्रव्यांची यादी व धोके सोप्या मराठीत लिहून प्रत्येक तालमीत, शाळेत आणि भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रात लावावेत. चिठ्ठीशिवाय अशी इंजेक्शने विकणाऱ्या औषध दुकानांवर कारवाई व्हावी. राज्य पातळीवरील स्पर्धांत पंचांच्या निर्णयाविरुद्ध तिथल्या तिथे, दृश्यफितीच्या आधारे दाद मागण्याची सोय असावी. आणि होतकरू मल्लाच्या खुराकाची जबाबदारी सहकारी संस्थांनी व नगरपरिषदांनी उचलावी. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला सुई विकणे अवघड जाते.

सरकार करील तेव्हा करील. काही गोष्टी आपल्याच हाती आहेत. पुढच्या यात्रेत हगाम्याचे पंच कोण असावेत, हे वशिल्याने न ठरवता जाणकारीवर ठरवा. हरलेल्या मल्लालाही नारळ द्या. आपल्या ओळखीचा एखादा मुलगा सुईच्या नादी लागला असेल तर त्याची कुचेष्टा करू नका. त्याच्या घरी जा, त्याच्याशी बोला, डॉक्टरकडे न्या. आणि त्याला सुई विकणारा कोण आहे, ते नाव उघडपणे घेण्याचे धैर्य दाखवा. हे धैर्य कोणत्याही पदकापेक्षा कमी मोलाचे नाही.