दुर्बिणीची परीक्षा आणि तिचा आलेख

पुणें-नाशिक मार्गावर, नारायणगांवास लागूनच वारूळवाडी आहे. तेथून पूर्वेस खोडदकडे गेलें, म्हणजे शेतमळ्यांच्या पलीकडे तारांच्या जाळीच्या प्रचंड परड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. हीच 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना. १४ मध्यभागीं, उरलेल्या १६ तीन लांब भुजांवर.

या दुर्बिणीची परीक्षा घ्यावयाची ती कशी? ज्याचें तेज अगोदरच ठाऊक आहे अशा उगमाकडे, उदाहरणार्थ हंस तारकापुंजांतील 'सिग्नस ए'कडे, ॲन्टेना रोखतात व येणारी शक्ति मोजतात. मग ती बाजूस वळवून रिकाम्या आकाशाची शक्ति मोजतात. दोहोंतील फरक अपेक्षेशीं ताडला, कीं त्या ॲन्टेनाचे गुण ठरले. २०१९ पर्यंत पुऱ्या झालेल्या सुधारणेमुळें एका वेळीं ४०० मेगॅहर्ट्झपर्यंतचा पट्टा टिपतां येतो. पूर्वीं तो ३२ चा होता. एवढ्या आंकड्यांचा तक्ता कोण वाचणार? म्हणून आलेख.

परंतु आलेख कशाचा काढावा, येथेंच खरी मेख आहे. समजा, २९ ॲन्टेनांना शंभर गुण मिळाले व एकीला पन्नास. सरासरी ९८ हून अधिकच भरते, आणि सरासरीची रेघ पाहणारा निर्धास्त राहतो. या दुर्बिणींत मात्र प्रत्येक ॲन्टेना इतर प्रत्येकीशीं जोडून चित्र घडतें; अशा जोड्या ४३५. एक आजारी पडली, कीं २९ जोड्या क्षीण होतात. त्यांतून ती भुजेच्या टोंकाची असली, तर सर्वांत लांब जोड्याच दुबळ्या होऊन चित्रांतील बारीक रेखाटन मावळतें. तेव्हां तीस ॲन्टेनांच्या तीस रेघा, आणि त्याहि एकाच मापावर, काढल्या पाहिजेत.

मापाचाहि मोह आहेच. उभा अक्ष ९० पासून आरंभिला, तर ९५ गुणांची धडधाकट ॲन्टेना शंभरवालीच्या निम्मीच भासते. आणि पन्नासवाली, जिच्यासाठीं हा खटाटोप, ती कागदाबाहेरच राहते! असा आलेख खोटा नसतो, पण त्याच्या भरंवशावर माणसें भलत्याच ॲन्टेनाकडे धाडलीं जातात.

शिवाय शक्तीच्या आलेखांत मधूनच उंच, अरुंद सुळके उठतात. नवख्यास तें दुर्बिणीचें सामर्थ्य वाटतें. तो बहुधा आकाशाचा आवाज नसून आसपासच्या मोबाईल मनोऱ्यांचा किंवा विजेच्या तारांवरील ठिणग्यांचा असतो. तेवढा भाग वगळूनच गुण मोजावे लागतात, आणि वगळलेली जागा आलेखांत रिकामी ठेवावी लागते.